मोगलाईची हद्द आणि आपलं नगर

मंडळी, एक साधा प्रश्न. आपला नगर जिल्हा महाराष्ट्राच्या कुठल्या भागात येतो?

बहुतेक जण पटकन सांगतील, पश्चिम महाराष्ट्र. साखर कारखाने, सहकार, पुण्याकडे तोंड. पण महसुलाचं अपील जातं नाशिकच्या विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे सरकारी कागदावर आपण उत्तर महाराष्ट्र. हायकोर्टात जायचं तर मुंबई नाही, पुणे तर नाहीच. आपलं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे मराठवाड्यात. पोरगं कॉलेजात गेलं की डिग्रीवर शिक्का पुणे विद्यापीठाचा. आणि १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं झाली तेव्हा एक विदर्भाचं, एक मराठवाड्याचं आणि एक राहिलेल्या सगळ्यांचं. त्या तिसऱ्याचं अधिकृत नावच होतं 'उर्वरित महाराष्ट्र'. आपण त्या उर्वरितात. पंगतीत सगळ्यांची नावं घेऊन झाल्यावर "आणि बाकीचे" म्हणतात ना, त्यातले.

१७ हजार चौरस किलोमीटर, १४ तालुके, राज्यात क्षेत्रफळाने सगळ्यात मोठा जिल्हा, आणि तो कुठल्या भागात याचं एक उत्तर नाही. ही नुसती गंमत नाही. दर दुष्काळात धरणाचं पाणी खाली सोडायचा आदेश निघतो तेव्हा 'नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा' असा जो मथळा छापून येतो, तो या उत्तरावरच उभा असतो. म्हणून जरा मागे जाऊन बघू, ही रेघ आली कुठून. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आधी एक गोष्ट. आपण रोज पेपरात 'मध्यपूर्वेत तणाव' वाचतो. नगरला उभं राहून बघा, इराण, इराक, अरबस्तान आपल्या पश्चिमेला आहेत. मग ही 'पूर्व' कुणाची? लंडनची. १९०२ मध्ये महान नावाच्या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याने इंग्रजांचं आरमार आणि इराणचं आखात यांवर लेख लिहिताना हा शब्द वापरला आणि तो जगभर चालला. 'आग्नेय आशिया' हे नाव रूढ झालं ते दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली माउंटबॅटनच्या हाताखाली त्या नावाची लष्करी कमांड उघडली तेव्हापासून. अगदी अलीकडे, २०१८ मध्ये, अमेरिकेने आपल्या पॅसिफिक कमांडचं नाव बदलून 'इंडो-पॅसिफिक' केलं, आणि आता तोच शब्द आपल्या परराष्ट्र खात्याच्या तोंडी आहे. समुद्र होता तिथेच आहे, फक्त त्याच्यावरची पाटी बदलली. पण पाटी बदलली की करार बदलतात, जहाजांचे रस्ते बदलतात, कोण आपला आणि कोण शेजारी तेही बदलतं.

हे दिल्ली-वॉशिंग्टनचं झालं. पण आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेच्या कडेलाही नेमकं हेच झालंय, आणि तेही एकदा नाही.

सुरुवात निजामशाहीपासून करतो, कारण त्या काळात ही रेघ नव्हती. १४९० मध्ये मलिक अहमदने बहामनींची फौज भिंगारजवळ मोडली, चार वर्षांनी सीनेच्या काठी शहर वसवायला घेतलं आणि १४९९ मध्ये दौलताबादचा किल्ला घेतला. म्हणजे जुन्नर, नगर, पैठण, दौलताबाद, बीड सगळं एका राज्यात. गोदावरी या राज्याची सीमा नव्हती, ती मधून वाहणारी नदी होती. त्याच्या दोनशे वर्षं आधीही तसंच. ज्ञानेश्वरांचं मूळ घराणं पैठणजवळच्या आपेगावचं आणि ज्ञानेश्वरी सांगितली नेवाशात. आपेगाव ते नेवासे म्हणजे त्यांच्या लेखी 'मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्रात' जाणं नव्हतं. गंगथडीने वर चालत जाणं होतं.

निजामशहांचं परराष्ट्र धोरण किती घरगुती असू शकतं याचा एक किस्सा फरिश्ता देतो. हा इतिहासकार तरुणपणी नगरच्या दरबारात होता, पुढे विजापूरला गेला. तो म्हणतो, या घराण्याचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण, गावचे कुलकर्णी. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. नगरच्या बुऱ्हाण निजामशहाने निरोप धाडला, पाथरी द्या, बदल्यात दुसरा मुलूख घ्या. इमादशहाने नकार देऊन पाथरीची तटबंदी सुरू केली, तेव्हा १५१८ मध्ये बुऱ्हाणने फौज घालून ती घेतली. दोन राज्यांचं युद्ध, आणि कारण काय तर वाडवडिलांचं वतन! आज पाथरी परभणी जिल्ह्यात आहे. नगरच्या सुलतानाला मात्र ती 'आपली' वाटत होती.

त्याच दरबारात 'आपला' आणि 'परका' यांची दुसरीही एक भांडणं चालायची. इराण-तुर्कस्तानातून आलेले सरदार ते 'आफाकी', म्हणजे परदेशी, आणि इथले ते 'दख्खनी'. पण गंमत बघा, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेले हबशी सरदार बसायचे दख्खनींच्या बाजूला. मलिक अंबर जन्माने इथिओपियाचा, अनेकदा विकला गेलेला. १६०० मध्ये मोगलांनी नगरचा किल्ला घेतल्यावर बुडालेली निजामशाही पुढची पंचवीस वर्षं त्याने तोलून धरली. १६२४ मध्ये नगरजवळ भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशहा या दोघांच्या फौजा एकदम मोडल्या, त्याच्या बाजूने शहाजीराजे लढत होते. दिल्लीविरुद्ध दख्खन ही जी भावना तयार झाली, तिचा सगळ्यात मोठा सेनापती समुद्रापलीकडून आलेला होता. 'दख्खनी' असणं जन्माच्या दाखल्यावर ठरत नव्हतं, कुणाच्या बाजूने उभे राहता यावर ठरत होतं.

१६३६ मध्ये शहाजहान आणि विजापूर यांनी तह करून निजामशाही वाटून घेतली. तेव्हापासून 'नगर' हे राज्याचं नाव राहिलं नाही.

आता रेघेकडे येऊ. १७२४ मध्ये निजामुल्मुल्क दख्खनेत स्वतंत्रपणे बसला. नावाला तो दिल्लीच्या बादशहाचा सुभेदार, म्हणून पेशव्यांच्या कागदांत त्याला 'मोगल' म्हणायचे आणि त्याच्या मुलखाला 'मोगलाई'. औरंगजेबाचे मोगल गेले, पण शब्द राहिला तो हैदराबादच्या निजामाला चिकटून. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी "तो मोगलाईतला" म्हणजे पैठण, गेवराई, आष्टीकडचा. आणि कुणी मनमानी केली की आपण आजही विचारतो, "काय मोगलाई लागून गेली का?" पुण्याच्या बाजूने पलीकडच्या राज्याकडे बघताना जे वाटायचं ते या वाक्यात गोठून बसलंय. राज्य संपून पाऊणशे वर्षं झाली. वाक्य अजून चालू आहे.

या पेशवे-निजाम संबंधांतली दोन मोठी ठिकाणं आपल्याच जिल्ह्यात आहेत, आणि दोन्हीकडे आपण फारसे फिरकत नाही. एक शेवगाव तालुक्यातलं मुंगी. १७२८ मध्ये पालखेडला पहिल्या बाजीरावाने निजामाला कोंडीत पकडलं आणि तह झाला तो मुंगी-शेवगावचा. दख्खनच्या सुभ्यांतली चौथाई-सरदेशमुखी शाहू महाराजांची, हे निजामाने मान्य केलं. या कराराची मौज अशी की मुलूख एकाचा आणि त्यातल्या वसुलीचा चौथा हिस्सा दुसऱ्याचा. आपल्या डोक्यात राज्य म्हणजे नकाशावरचा एक रंग असतो. तेव्हा एकाच गावावर दोन रंग असायचे. दुसरं ठिकाण जामखेड तालुक्यातलं खर्डा, ११ मार्च १७९५. सगळे मोठे मराठा सरदार एकत्र येऊन लढलेली ही शेवटची लढाई, निजाम हरला. त्याच्यानंतर आठच वर्षांनी, ऑगस्ट १८०३ मध्ये, आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला शिंद्यांकडून घेतला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच.

१८१८ ला पेशवाई बुडाली आणि नगरचं कलेक्टर ऑफिस सुरू झालं. पहिला कलेक्टर हेन्री पॉटिंजर. हाच माणूस पुढे चीनला गेला, १८४२ मध्ये नानकिंगचा तह करून त्याने हाँगकाँग इंग्रजांच्या पदरात पाडलं आणि तो तिथला पहिला गव्हर्नर झाला. म्हणजे नगरच्या कचेरीत मुलूख बसवायला शिकलेला हात पुढे चीनच्या किनाऱ्यावर चालला. सुरुवातीला नाशिकही आपल्यातच होतं, १८६९ मध्ये ते वेगळं काढलं.

इंग्रजांनी आणि निजामाने १८२२ मध्ये तह करून मुलखाची थोडी अदलाबदल केली, म्हणून रेघ जरा सरळ झाली, पण पुरती नाहीच. जामखेडची कितीतरी गावं निजामाच्या मुलखात विखुरलेली होती. एका शिवारात इंग्रजी कायदा, ओढा ओलांडला की मोगलाई, पुन्हा पुढे इंग्रजी. ही असली गावं इकडून तिकडे करून हद्द नीट लावायचं काम थेट १९५० च्या सुमारास झालं.

पण खरी रेघ नकाशावर नसते, ती रोजच्या जगण्यात असते. अलीकडे रयतवारी, मामलेदार, मराठीत सातबारा. पलीकडे जहागिऱ्या, दरबारी कामकाज उर्दूत, आणि १९१८ पासून उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. अलीकडे कलदार रुपया, पलीकडे निजामाचा स्वतःचा हाली सिक्का, साधारण सात हालीला सहा कलदार. हद्दीवर निजामाचे करोडगिरीचे नाके, म्हणजे जकात. कापूस, गूळ, कापड, सगळ्यावर. बाजाराला जायचं म्हणजे पैसे बदलून, जकात भरून. अशी शंभर-सव्वाशे वर्षं गेली की दोन बाजूंची माणसं एकच भाषा बोलत असली तरी त्यांचं शहाणपण वेगळं होतं. एकाला इंग्रजी सायबाशी भांडायची सवय, दुसऱ्याला देशमुख-जहागीरदाराची.

रेल्वेचंही तसंच. दौंड-मनमाड लाइन १८७८ मध्ये सुरू झाली, इंग्रजी हद्दीतून. निजामाची रेल्वे मनमाडहून निघून औरंगाबाद, जालना, नांदेडवरून हैदराबादला गेली. दोन्ही मनमाडला भेटल्या. नगरहून पैठणला किंवा बीडला जाणारी लाइन कुणालाच नको होती, कारण ती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेली असती.

आणि पाणी. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं, त्याच्या आधी दारणा. प्रवरेचे आणि गोदावरीचे पाट निघाले, बेलापूर-कोपरगाव पट्ट्यात ऊस आला, त्यातून पुढे १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचा सहकारी कारखाना. निजामाने आपलं मोठं धरण, निजामसागर, बांधलं ते तेलुगू मुलखात. मराठी जिल्ह्यांत गोदावरीवर धरणाची योजना होती, बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी या गावापाशी. ती कागदावरच राहिली. पुढे धरण झालं पैठणला, नाव मात्र जायकवाडीच राहिलं. आजच्या पाण्याच्या भांडणाचं मूळ मला इथे दिसतं. नदी एक, राज्यं दोन, आणि वरच्या राज्याने आधी बांधून घेतलं.

आता किल्ल्यात जाऊ. ९ ऑगस्ट १९४२ ला काँग्रेस कार्यकारिणी पकडून नगरच्या किल्ल्यात आणली. नेहरूंनी इथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, हे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. पण त्यात काय लिहिलं? त्यात शेवटाकडे एक अंदाज आहे: जगाचं केंद्र अटलांटिककडून पॅसिफिककडे सरकेल, आणि हिंदी महासागर, आग्नेय आशिया ते थेट पश्चिम आशिया या सगळ्या पट्ट्यात भारत हा व्यवहाराचा मध्य होईल. बाहेरचं जग बंद, पेपर कापून यायचे, आणि हा माणूस किल्ल्याच्या खोलीत बसून एक अख्खा प्रदेश मनात आखत होता. आज 'इंडो-पॅसिफिक' म्हणून जे चालतं त्याच्याशी तो ताडून बघा. १९४७ च्या मार्चमध्ये, स्वातंत्र्याच्याही आधी, दिल्लीत आशियाई संबंध परिषद भरवली ती याच विचारातून. पुढे काय झालं ते वेगळं. १९८५ मध्ये सार्क झाली, 'दक्षिण आशिया' नावाचं घर बांधलं, आणि २०१४ च्या काठमांडूनंतर त्या घरात शिखर परिषद भरलेली नाही. नुसतं नाव देऊन प्रदेश होत नाही, हेही खरं.

पण किल्ल्यातली दुसरी गोष्ट मला जास्त भारी वाटते, ती कमी सांगितली जाते. त्या कैद्यांत नेहरू होते, वल्लभभाई होते, पट्टाभि सीतारामय्या होते. आणि शंकरराव देवही होते. १९४८ च्या डिसेंबरात भाषावार प्रांतांचा विचार करायला काँग्रेसने जी समिती नेमली ती जवाहरलाल, वल्लभभाई, पट्टाभि यांची, म्हणून 'जेव्हीपी'. १९४९ मध्ये तिने सांगितलं, भाषावार प्रांत आत्ता नकोत, आंध्रचं फार तर बघू, आणि मुंबई महाराष्ट्रात नको. तेव्हा संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे अध्यक्ष कोण? शंकरराव देव. म्हणजे महाराष्ट्र नावाचा प्रदेश व्हावा की नाही, यावर पुढे समोरासमोर आलेले चौघेही आपल्या किल्ल्यात शेजारी शेजारी कैद होते. एकत्र जेवले असतील, वाद घातले असतील.

त्याच वल्लभभाईंच्या पुढ्यात दुसरा प्रश्न आला तो आपल्या पूर्वेच्या हद्दीचा. १५ ऑगस्ट १९४७ ला नगर स्वतंत्र भारतात आलं. हैदराबाद आलं नाही. २९ नोव्हेंबरला 'जैसे थे' करार झाला, एक वर्षाचा. म्हणजे तेरा महिने शेवगाव, पाथर्डी, जामखेडची पूर्वेची कड ही खरोखरची आंतरराष्ट्रीय सरहद्द होती. आज ज्या पैठणच्या नाथषष्ठीला आपल्याकडच्या दिंड्या जातात ते पैठण तेव्हा परदेश! रझाकारांच्या धास्तीने पलीकडून कुटुंबं इकडे आली, पाहुण्यांकडे राहिली, आणि स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते भारतीय हद्दीतल्या छावण्यांतून पलीकडच्या नाक्यांवर जाऊन लढले. हैदराबादने ऑगस्ट १९४८ मध्ये तक्रार थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नेली. परिषदेने ती १६ सप्टेंबरला चर्चेला घेतली, तोवर १३ तारखेला भारतीय फौज आत शिरली होती, आणि १७ ला निजामाने शरणागती जाहीर केली. सोलापूर, मनमाडकडून फौजा गेल्या हे आपण ऐकतो; पॅरिसमध्ये त्याच आठवड्यात या हद्दीवर चर्चा चालली होती, हे कमी ऐकतो.

या प्रकरणाचं शेपूट तर त्याहून लांब. शरणागतीच्या सुमारास निजामाच्या खात्यातले सुमारे १० लाख पौंड लंडनमधल्या पाकिस्तानी उच्चायुक्तांच्या नावे वळवले गेले. बँकेने ते गोठवले. भारत, पाकिस्तान आणि निजामाचे वारस असा तिढा चालला आणि लंडनच्या कोर्टाने निकाल दिला ऑक्टोबर २०१९ मध्ये, भारत आणि वारसांच्या बाजूने. रक्कम तोवर ३५० लाख पौंडांवर गेली होती. हाली सिक्काही लगेच गेला नाही, १९५० च्या दशकभर कलदाराबरोबर तोही चलनात होता.

आता असं वाटेल की हद्द पुसली, मामला संपला. तो संपला नाही, उलट इथे तिला नवं बळ मिळालं. १९५३ मध्ये नागपूर करार झाला. विदर्भ आणि मराठवाडा महाराष्ट्रात यायला तयार होते, पण आपला वाटा मिळेल याची हमी मागत होते. मागणी रास्त होती, निजामाने त्यांना खरंच मागे ठेवलं होतं. १९५६ मध्ये हैदराबाद मोडलं, त्याचे पाच मराठी जिल्हे मुंबई राज्यात आले, आणि राज्यघटनेच्या ३७१ व्या कलमात मराठवाड्याचं नाव आलं. निजामाच्या राज्यातला 'मराठी भाग' एवढाच ज्याचा अर्थ होता, तो आता घटनेने मान्य केलेला प्रदेश झाला. त्याचा विभागीय आयुक्त, त्याचं विद्यापीठ, त्याचं विकास मंडळ, १७ सप्टेंबर हा त्याचा स्वतःचा मुक्तिदिन. नदीच्या पलीकडच्या माणसाला आपण कोण हे एका शब्दात सांगता येतं. तो म्हणतो, मी मराठवाड्यातला. नगरचा माणूस काय म्हणतो? "नगरचा." त्याच्या पुढे शब्दच नाही. कलमात त्याच्यासाठी 'उर्वरित' आहे.

मराठवाड्याला नाव मिळालं हे वाईट झालं असं मी म्हणत नाही. नाव असलं की मागता येतं, ते त्यांनी मागितलं आणि हक्काचं मागितलं. माझा मुद्दा वेगळा आहे. १९८३ मध्ये दांडेकर समिती नेमली, ती अनुशेष मोजायला. पुढे आणखी समित्या झाल्या. प्रश्न सगळीकडे विभागांचा: कोण पुढे, कोण मागे. आता यात पाथर्डी कुठे बसते? जामखेड? पाथर्डी आणि तिच्या पूर्वेचे आष्टी, शिरूर कासार, गेवराई यांचा पाऊस सारखा, जमीन सारखी, ऊसतोडीला कोयता घेऊन निघणारी टोळी सारखी, मोहटादेवी आणि मढीच्या यात्रेला येणारी माणसं तीच, सोयरिकी तर इतक्या की कोणती मुलगी इकडची आणि कोणती तिकडची हे ठरवायला पंचांग बघावं लागेल. पण हद्दीच्या एका बाजूचा तालुका 'मागास मराठवाडा' आणि दुसऱ्या बाजूचा 'पुढारलेला पश्चिम महाराष्ट्र'. भगवानगडावर उभं राहिलं की दोन्ही दिसतात. उजाड माळ बघून कुठला कुठल्या यादीतला ते कुणी सांगून दाखवावं.

आणि मग पाणी येतं. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, १९७६ मध्ये धरण सुरू झालं. नाथसागरात शेवगाव-नेवाशाची गावं आणि काळी जमीन गेली, ही माणसं नगरचीच. २००५ मध्ये राज्याने जलसंपत्ती नियमन कायदा केला: तुटीच्या वर्षी खोऱ्यातलं पाणी वरच्या-खालच्यांनी समन्यायी वाटून घ्यायचं. मेंढेगिरी समितीच्या अभ्यासावरून २०१४ मध्ये प्राधिकरणाने आदेश दिला, १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी उपयुक्त साठा असला तर वरून पाणी सोडायचं. २०१६ मध्ये हायकोर्टाने कायद्याची बाजू उचलून धरली.

२०२३ चा ऑक्टोबर आठवा. २६ तारखेला पंतप्रधान नगर जिल्ह्यात आले, निळवंड्याचं जलपूजन झालं, डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं. १९७० मध्ये मंजूर झालेलं हे धरण, दोन पिढ्यांनी वाट बघितलेलं. चारच दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, गोदावरी महामंडळाचा आदेश निघाला: नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीत ८.६ टीएमसी सोडा. संगमनेर-राहुरीकडे संताप, पलीकडे पाणी येईपर्यंत आंदोलनं. दोन्हीकडच्या भाषणांत 'आम्ही' आणि 'ते'. शे-दोनशे वर्षांपूर्वीची करोडगिरीची रेघ, आता क्युसेकमध्ये.

आणि याच वादात शेवगावचा शेतकरी कुठे आहे बघा. मुळा उजव्या कालव्याच्या तो शेपटाला, पाणी पोचेपर्यंत रोटेशन संपतं. जायकवाडीचा फुगवटा त्याच्या बांधाला. शेवगाव-पाथर्डीच्या पिण्याच्या पाण्याची योजना जायकवाडीवरच. म्हणजे मुळा भरली पाहिजे आणि जायकवाडीही भरली पाहिजे, असं ज्याला दोन्ही बाजूंनी वाटतं तो माणूस वृत्तपत्राच्या मथळ्यात 'नगर' म्हणून पाणी अडवणारा ठरतो.

आणखी एक, जरा आपल्याला टोचेल असं. गोदावरी खोऱ्यात आपण वरचे, पण भीमा खोऱ्यात? कुकडीचं पाणी पुणे जिल्ह्यातल्या धरणांतून येतं. श्रीगोंदा, कर्जत, पारनेर तिथे खालचे. आवर्तन लांबलं की श्रीगोंद्यात जी भाषणं होतात ती जरा कान देऊन ऐका. "वरचे आमचं पाणी अडवतात, नेते त्यांचे, अधिकारी त्यांचे." गावांची नावं बदला, हे पैठणचं भाषण आहे. आपण उत्तरेला नगर म्हणून एक न्याय मागतो आणि दक्षिणेला त्याच्या बरोबर उलटा. एका जिल्ह्यात, एका पावसाळ्यात. दोन्हीकडे मागणारे खरे आहेत, पण मग 'नगर जिल्हा' हा पाण्याच्या बाबतीत एक पक्ष आहे असं धरून चालणं किती खरं?

उत्तर आणि दक्षिण नगरचा वादही याच पाटपाण्याने केलेला. पाट जिथवर गेला ती उत्तर, राहिली ती दक्षिण. जिल्हा विभाजनाची मागणी दशकानुदशकं चालू आहे, मुख्यालय श्रीरामपूर, संगमनेर की शिर्डी यावर अडते. या वादात भूगोल कुणी काढत नाही. कचेरी कुठे येणार, कुणाच्या मतदारसंघात, एवढंच. प्रदेश कसा घडतो हे शिकायला विद्यापीठात जायची गरज नाही, विभाजन कृती समितीच्या एका बैठकीला बसावं.

नावाचंही बोललं पाहिजे. ३१ मे २०२३ ला चौंडीत अहिल्यानगर नावाची घोषणा झाली, पुढच्या वर्षी ते अमलात आलं. यावर इथे पुष्कळ भांडण झालंय, ते पुन्हा नको. फक्त एक बघा. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ चा, चौंडी जामखेड तालुक्यात, म्हणजे याच मोगलाईच्या कडेच्या पट्ट्यातलं. त्यांचं राज्य माळव्यात. पण काशी, सोमनाथ, गया, रामेश्वर इथे त्यांनी देवळं, घाट, धर्मशाळा बांधल्या त्या होळकरांच्या हद्दीबाहेर, कुठे नवाबाच्या, कुठे कंपनीच्या मुलखात. तिथे त्यांची फौज नव्हती, कर नव्हता. तरी यात्रेकरूच्या पायाखाली एक सलग देश तयार झाला, ज्याचा नकाशा कुठल्याच दरबारात नव्हता. हद्दीच्या गावात जन्मलेल्या बाईने हद्दी न मानता केलेलं काम आहे हे. जिल्ह्याला त्यांचं नाव दिलंय तर जिल्ह्याने कुंपणाच्या गोष्टी जरा जपून कराव्यात, असं आपलं मला वाटतं.

रेल्वेचं वर सांगितलं ते अर्धं राहिलं. निजामाला नको, इंग्रजाला नको असलेली नगर-बीड लाइन स्वतंत्र भारतातही कागदावर वर्षानुवर्षं पडून होती. आष्टीपर्यंत गाडी आली सप्टेंबर २०२२ मध्ये. बीडपर्यंत पोचली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिदिनी. ज्या तारखेला निजामाची सरहद्द पुसली गेली त्याच तारखेला, ७७ वर्षांनी, त्या जुन्या हद्दीवरून पहिली प्रवासी गाडी बीडहून नगरला आली. परळीपर्यंतचं काम अजून बाकी आहे.